तुरटीचे देणे

गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून एक पुस्तक मोडले. फाटले असे मी मुद्दामच म्हणत नाही. कागद फाटतो तेव्हा त्याचे तंतू निदान थोडी कुरकुर करतात, एकमेकांना धरून राहू पाहतात. येथे तसले काही झाले नाही. पान उलटायला म्हणून मी कोपरा चिमटीत धरला आणि तो कोपरा चिमटीतच राहिला. उरलेले पान जागच्या जागी होते. पापडाचा तुकडा मोडावा तसे हे झाले, आणि आवाजही जवळजवळ तसाच आला.

पुस्तक साधे नव्हते. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा १८९८ साली निघालेला पहिला खंड होता तो. पानिपतापूर्वीच्या आणि पानिपताच्या काळातील पत्रे त्यात आहेत, आणि त्यांच्या आधी ती सुप्रसिद्ध प्रस्तावना. मला त्या प्रस्तावनेतील एक मजकूर ताडून पाहायचा होता, आणि तोही मूळ आवृत्तीत. ही आम्हां जुन्या वाचकांची खोड. मी ओशाळून इकडेतिकडे पाहिले. ग्रंथालयाचे शिपाईमामा एक कुंचा आणि जुना पुठ्ठा घेऊन आले व टेबलावरचा तपकिरी भुगा त्यांनी सवयीने गोळा केला. “राहू द्या सर,” ते म्हणाले, “दर वाचकामागं एवढं निघतंच.”

मामांनी ते मला बरे वाटावे म्हणून म्हटले होते. पण घरी परतताना तेच वाक्य माझ्या डोक्यात घोळत राहिले. दर वाचकामागे एवढे निघत असेल, तर असे किती वाचक ह्या पुस्तकाच्या नशिबी उरले आहेत?

घरी आल्यावर मी आजीची पोथी काढली. आमच्या देवघरातील ही पोथी शके १७०३ मध्ये, म्हणजे इसवी सन १७८१-८२ च्या सुमारास, कुणा ब्राह्मणाने बोरूने लिहून पुरी केली आहे. नारायणराव पेशव्यांचा खून होऊन तेव्हा आठनऊ वर्षे झाली होती. तिला आमच्या घराने काही कपाटात कुलूपबंद ठेवले नव्हते. ती दर चातुर्मासात उघडली गेली, तिच्यावर उदबत्तीची राख पडली, हळदीकुंकवाची बोटे लागली, आणि एका कडेला तेलाचा डाग पडला आहे तो बहुधा समईचा असावा. मी तिचे एक पान हळूच वाकवले. ते वाकले आणि सोडताच पुन्हा सरळ झाले. शाई काळीभोर होती. म्हणजे २४० वर्षांची ही म्हातारी धडधाकट, आणि तिच्याहून शंभरसव्वाशे वर्षांनी लहान असलेले पुस्तक अंथरुणाला खिळलेले! असे का व्हावे?

जुन्या लेखकांनी पोथीच्या शेवटी पुढच्या माणसाला एक विनवणी करून ठेवण्याची प्रथा होती. तेलापासून सांभाळ, पाण्यापासून सांभाळ, बंध सैल होऊ देऊ नकोस आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस, असा तिचा सर्वसाधारण आशय असतो. पाठ वाकवून आणि मान मोडून लिहिणाऱ्या त्या माणसांना पुस्तकाचे सगळे शत्रू ठाऊक होते. उंदीर, वाळवी, कसर हेही त्यांना माहीत होते. पिवळ्या हरताळाचा हात दिलेल्या कागदाच्या वाटेला कीड सहसा जात नाही, आणि चुकलेल्या अक्षरावर तोच हरताळ लावून ते झाकताही येते. (एखाद्या गोष्टीला ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तिथलाच.) पण ह्या सगळ्या शत्रूंत स्वतः कागदाचे नाव कोठेही नाही. कागदच पुस्तकाला खाईल ही कल्पना त्या लेखकांना सुचण्याचे कारण नव्हते, कारण त्यांचा कागद तसा नव्हताच.

ही कल्पना प्रथम कुणाला सुचली ते शोधू गेले की एक मजेदार गृहस्थ भेटतात. जॉन मरे हे त्यांचे नाव. ते स्कॉटलंडचे, पेशाने रसायनशास्त्रावर व्याख्याने देणारे. १८२३ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ला त्यांनी एक पत्र लिहिले. त्यांच्यापाशी १८१६ मध्ये ऑक्सफर्डला छापलेले एक मोठे बायबल होते. ते कधी वापरलेही नव्हते. वाचकांनी हाताळले नाही, पावसात भिजले नाही, आणि तरी सात वर्षांत त्याचा अक्षरशः भुगा होऊ लागला होता. मरेसाहेबांनी काय करावे? त्यांनी तो कागद जिभेला लावून पाहिला. तो तुरट लागला! पुढे १८२४ मध्ये त्यांनी ह्या विषयावर एक पुस्तिकाच काढली. कागदात भरमसाट घातलेली तुरटी आणि चिंध्या पांढऱ्या करण्यासाठी वापरलेला क्लोरीन वायू ह्या दोघांना त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. पुढच्या दीडशे वर्षांतल्या संशोधनाने त्यांचा निकाल फारसा बदललेला नाही, तपशील तेवढा भरला आहे. मीही मामांच्या पुठ्ठ्यावरचा एक कण जिभेवर ठेवून पाहिला, हे येथे कबूल करतो. मला फक्त धूळ लागली. पण मी रसायनशास्त्री नव्हे.

तुरटी! पाणी निवळायला माठात फिरवायची, दाढीनंतर गालावर घासायची, लहान मुलाची दृष्ट काढायची, ती आपली तुरटी. तिचा कागदाशी काय संबंध?

नुसता लगदा वाळवून केलेला कागद टीपकागदासारखा असतो, त्यावर शाई फुटते. म्हणून कागदाला खळ द्यावी लागते. आपल्याकडील कागदी लोक तांदळाची किंवा गव्हाची खळ देत आणि मग गुळगुळीत दगडाने किंवा शंखाने कागद घोटत. युरोपात कातड्याच्या तुकड्यांपासून काढलेल्या सरसात एकेक ताव बुडवून काढण्याची चाल होती. सरस नासू नये आणि घट्ट बसावा म्हणून त्यात तुरटी घालत. बायबलाच्या कागदात मरेसाहेबांना सापडलेली तुरटी ह्या वाटेने आली असली पाहिजे. पण खरा घोटाळा त्यानंतरचा. १७९८-९९ च्या सुमारास फ्रान्समध्ये लुई रोबेर ह्याने कागदाचे यंत्र शोधले आणि इंग्लंडात फूर्द्रिनिए बंधूंच्या पैशावर व ब्रायन डाँकिनच्या कारागिरीवर ते नावारूपाला आले. आता कागद तावातावाने नव्हे, तर गुंडाळीने निघू लागला. त्या वेगात एकेक ताव सरसात बुडवत कोण बसणार? जर्मनीतील एर्बाख गावच्या मोरित्स फ्रीडरिख इलिग ह्या कागदवाल्याच्या मुलाने १८०७ साली तोड सुचवली. राळेचा साबण करून तो हौदातल्या लगद्यातच मिसळायचा आणि वरून तुरटी टाकायची. तुरटी त्या राळेला फोडून तंतूंवर बसवते, आणि कागद खळ पिऊनच यंत्रातून बाहेर पडतो. ही युक्ती सोपी होती, स्वस्त होती. ती रुळायला वीसपंचवीस वर्षे गेली, पण एकदा रुळल्यावर दीडशे वर्षे जगातील बहुतेक छापील पुस्तकांचा कागद असाच तयार झाला. पुढे साध्या तुरटीऐवजी त्याहून स्वस्त असे ॲल्युमिनियम सल्फेट गिरण्यांत आले. त्यालाही कागदवाले तुरटीच म्हणत राहिले.

ह्या तुरटीचा अंश कागदात राहतो, हवेतील ओलीशी त्याची गाठ पडते आणि अगदी थोडे गंधकाम्ल तयार होते. कागदाचा तंतू म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोज म्हणजे साखरेच्या कणांची लांबलचक माळ. धडधाकट कापसाच्या तंतूत एकेका माळेत काही हजार मणी असतात. आम्ल ही माळ मध्येच कोठेतरी तोडते. माळ तुटत तुटत दोनतीनशे मण्यांवर आली की कागद दिसायला कागदच राहतो, पण वाकवला की मोडतो. ह्यातला सर्वांत वाईट भाग असा, की आम्ल माळ तोडते पण स्वतः खर्च होत नाही. विरजणासारखेच ते. चमचाभर ताकाने पातेलेभर दूध लागते, आणि त्याच दह्याचा चमचा उद्याच्या दुधाला पुरतो. उलट, तुटत्या तंतूंतूनच आणखी नवी आम्ले निपजतात आणि पुढचे काम अधिक जोरात चालते. कागदाची आम्लता मोजण्याच्या पट्टीवर ७ हा आकडा तटस्थ. ५ वर आलेला कागद त्याच्या दुप्पट नव्हे, तर शंभरपट आम्ल असतो. विरजण लागायला ऊब लागते हे प्रत्येक गृहिणी जाणते. कागदाचेही तेच. थंडीत हे काम रेंगाळते, उष्म्यात आणि ओलीत धावते. मुंबईच्या हवेत ते कसे चालत असेल, ते निराळे सांगायला नको.

लाकडाची गोष्ट ह्या तुरटीच्या गोष्टीत मागाहून येऊन मिसळली. वाचणारे वाढले तशा चिंध्या पुरेनात. रेओम्यूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७१९ सालीच दाखवून दिले होते, की गांधीलमाशी लाकूड चावून त्याचा कागद करते आणि त्याचे पोळे बांधते, तिला चिंध्या लागत नाहीत. माणसाला तेच करायला सव्वाशे वर्षे लागली. १८४० नंतर सॅक्सनीतील केलर नावाच्या विणकराने ओले लाकूड दगडावर घासून त्याचा लगदा केला. ह्या लगद्यात लाकडातील चिकट द्रव्य, लिग्निन, तसेच राहते आणि तेच उजेडात पिवळे पडते. पुढे रसायनांत शिजवून लिग्निन काढून टाकण्याच्या रीती निघाल्या, पण वर्तमानपत्रांचा कागद बहुतांशी घासलेल्या लाकडाचाच राहिला. कपाटाच्या फळीवर घातलेला वर्तमानपत्राचा कागद एका उन्हाळ्यात कसा होतो ते आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणून सगळा दोष लाकडावर टाकण्याची चाल पडली. ती अर्धीच खरी आहे. चिंध्यांच्या उत्तम लगद्यालाही राळ-तुरटी दिली तर तो मोडतो. खरा हात तुरटीचा.

आता आजीच्या पोथीकडे वळू. आपल्याकडे जुन्नरी कागद नावाजलेला होता, दौलताबादचाही होता. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचे नावच त्या धंद्यावरून पडले आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे पु. कृ. गोडे ह्यांनी चीनमधून हिंदुस्थानपर्यंत कागद कसा आला त्याचा इतिहास मोठ्या कष्टाने जुळवला होता. तो के. बी. जोशी ह्यांच्या हातकागदावरील इंग्रजी पुस्तकाला जोडून १९४४ मध्ये छापला गेला. हे कागदी लोक सणाचे जुने दोर, गोणपाट, जाळी असा माल घेत, तो चुन्याच्या पाण्यात भिजत घालत, कुटत, नदीवर धूत, पुन्हा चुना, पुन्हा कुटणे, असे कित्येक दिवस चाले. चुना हा आम्लाचा हाडवैरी. कितीही धुतले तरी त्याचा थोडा अंश तंतूंत राहून जाई आणि पुढे कधी आम्ल उपजले तर तो त्याला तेथल्या तेथे मारी. कागद्यांना हे रसायन माहीत नव्हते. त्यांना दोर मऊ करायचा होता, एवढेच. वर खळ दिली ती धान्याची, तिच्यात तुरटी नाही. आणि शाई काजळाची, तीही निरुपद्रवी. युरोपात मायफळ आणि हिराकस ह्यांची शाई वापरीत, ती कित्येकदा अक्षराच्या आकाराचे भोक पाडून कागदाच्या आरपार जाते. आमच्या पोथीला हे तीनही लाभ आयतेच मिळाले.

ह्याच कागदावर मराठ्यांची दप्तरे लिहिलेली आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमाल सोडले की वाळवीने केलेली नक्षी दिसते, पाण्याचे डाग दिसतात, पण पत्र बहुधा उलगडते. गोविंद सखाराम सरदेसायांनी त्यातून निवडलेल्या कागदांचे ४५ भाग १९३० ते १९३४ ह्या काळात सरकारने छापले. ते भाग माझ्या संग्रही आहेत, निदान काही आहेत. त्यांच्या कडा चहात बुडवल्यासारख्या झाल्या आहेत आणि मी ते आता दोन्ही हातांनी उघडतो. राजवाड्यांचे तर काय सांगावे! हा माणूस अंगावर पुरेसे वस्त्र नसताना, हाताने स्वयंपाक करीत गावोगाव हिंडला. माळ्यावर, अडगळीत, वाण्याच्या पुडीच्या वाटेवर असलेली पत्रे त्याने ओढून काढली आणि ती छापली, का, तर मूळ कागद उद्या नाहीसा झाला तरी छापलेला राहील. त्याने जमवलेल्या कागदांपैकी पुष्कळ पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आज आहेत. नाहीसा होऊ लागला आहे तो छापलेला. आजोबा ताठ चालत आहेत आणि नातू काठीवर आला आहे.

मराठी मुद्रणाच्या इतिहासातही हा उलटा क्रम दिसतो. १८०५ साली श्रीरामपूरला केरीचे मराठी व्याकरण निघाले, तेव्हापासून १८६७ च्या मुद्रण कायद्यापर्यंतच्या पुस्तकांना आपण ‘दोलामुद्रिते’ म्हणतो. ह्या पाळण्यातल्या पुस्तकांपैकी जी मी हाताळली, त्यांतली जुनी पुष्कळदा चिंध्यांच्या कागदावरची आणि बऱ्या प्रकृतीची निघाली. सगळ्यांत वाईट दशा १८८० ते १९५० मधल्यांची, आणि त्यातही दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत कागदावर नियंत्रण असताना मिळेल त्या कागदावर छापलेल्यांची. म्हणजे नेमका आपला सोन्यासारखा काळ. शं. ग. दात्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उघडून ह्या वर्षांतील नोंदींवरून बोट फिरवावे. प्रत्येक नोंद म्हणजे कोठेतरी हळूहळू तपकिरी होत चाललेले एक पुस्तक, किंवा तेही नाही.

एवढे सगळे वाचल्यावर तुरटीला आणि इलिगला शिव्या देण्याचा मोह होतो. मला तो काही दिवस झाला होता. पण मग आठवले, की आजीची पोथी एका घराने वाचली. गावात दुसरे कुणी ती मागायला आले असते तरी सोवळ्याओवळ्याने ती त्याच्या हाती पडली नसती. ज्या कागदाची मी एवढी थोरवी गातो आहे तो महाग होता, आणि त्याच्या महागपणातच कोणी वाचावे आणि कोणी वाचू नये हे ठरून जाई. राळ-तुरटीचा आणि लाकडाचा कागद आला तेव्हा क्रमिक पुस्तके काही आण्यांत मिळू लागली, वर्तमानपत्र पारावर आले, नाटकाची आणि लावण्यांची चोपडी बाजारात ढिगाने विकायला बसली. माझ्या आजीला पोथीला हात लावायची मुभा होती ती पूजेपुरती. ती वाचायला शिकली ती पिवळ्या पडणाऱ्या, अर्ध्या कच्च्या कागदावरच्या पुस्तकातून. ते पुस्तक अर्थात आज घरात नाही. पण तिला वाचता येत होते हे त्याचेच देणे.

ह्या दुखण्याची आकड्यांत नाडी पाहिली ती विल्यम बॅरो ह्या अमेरिकन गृहस्थाने. बॅरो रीतसर रसायनशास्त्रज्ञ नव्हता. जुने कागद दुरुस्त करण्याचा त्याचा व्यवसाय, आणि व्हर्जिनिया संस्थानच्या ग्रंथालयात, रिचमंड येथे, त्याची कार्यशाळा. सतराव्या शतकातील कागद शाबूत आणि एकोणिसाव्यातले मोडके, हे तो रोज पाहत होता. जुन्या टिकाऊ कागदांत त्याला चुनखडीचा आणि मॅग्नेशियमचा अंश सापडला, जो आपल्या कागद्यांच्या चुन्याचाच भाऊ. १९०० ते १९४९ मधील प्रत्येक दशकाची १००, अशी ५०० पुस्तके त्याने घेतली, त्यांच्या पानांच्या पट्ट्या यंत्रात पुढेमागे दुमडून त्या कितव्या घडीला तुटतात ते मोजले, आणि कागद भट्टीत तापवून त्याचे म्हातारपण लवकर आणून पाहिले. १९५९ साली त्याने निष्कर्ष छापला: ह्यांपैकी ९७ टक्के पुस्तकांचे उरलेले आयुष्य पन्नास वर्षे किंवा त्याहून कमी.

त्या पन्नास वर्षांची मुदत २००९ साली संपली. बॅरोने हिशेब केलेल्या पिढीतील पुष्कळ पुस्तके आजही फळीवर उभी आहेत. घडीला मोडणारे पान मोडेपर्यंत वाचता येते, हे यंत्राला कळत नाही. १९८० नंतर अमेरिकेत ह्या भविष्याच्या धास्तीने लाखो ग्रंथांची सूक्ष्मचित्रे काढली गेली आणि त्या भरात कित्येक ठिकाणी मूळ प्रती शिवण कापून टाकून दिल्या गेल्या. निकोलसन बेकर ह्या लेखकाने २००१ मध्ये त्यावर एक संतापाचे पुस्तकच लिहिले. रोग खरा होता, वैद्याने घाई केली. मला स्वतःला बॅरोचे निदान मान्य आहे, तारीख मान्य नाही.

औषधे पुष्कळ निघाली. बॅरोनेच कागद चुन्याच्या निवळीत आणि नंतर चुनखडी विरघळवलेल्या पाण्यात बुडवून काढण्याची रीत घालून दिली. ती उत्तम आहे, पण पुस्तक उसवून पानपान भिजवायचे म्हणजे एका माणसाला वर्षात किती पुस्तके होणार? तो कागदावर सेल्युलोज ॲसिटेटचा पारदर्शक पापुद्रा यंत्राने चिकटवीत असे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात यंत्राऐवजी ॲसिटोनचा बोळा फिरवून तेच काम हाताने करण्याची रीत बसवली गेली आणि ती भारतीय पद्धत म्हणून बाहेरदेशीही ओळखली गेली. पुढे कळले, की तो पापुद्राच जुना झाला की सिरक्याचे आम्ल सोडतो! अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने तर हजारो पुस्तके एकदम बंद कोठीत घालून जस्ताच्या एका संयुगाची वाफ देण्याचे ठरवले. हे द्रव्य हवेला लागताच पेटते आणि पाण्याला लागले तर भडका उडवते. १९८५ च्या डिसेंबरात मेरिलंडमधील अवकाश संशोधनाच्या केंद्रात, जेथे ह्याचे प्रयोग चालले होते, तेथे आग लागली आणि ती सगळी यंत्रणा निकामी झाली. पुस्तके वाचवण्यासाठी अग्निबाणाच्या शास्त्राकडे जाण्याची ही गोष्ट मला नेहमी चटका लावून जाते. १९९० नंतरच्या दशकात मॅग्नेशियम ऑक्साइडची बारीक पूड पानांत बसवण्याची त्याहून सौम्य रीत आली. आम्ल त्याने मरते. पण तुटलेली माळ कोणत्याही औषधाने पुन्हा ओवली जात नाही.

नव्या पुस्तकांपुरता प्रश्न सुटत आला तो मात्र विद्वानांच्या हाकाटीने फारसा नव्हे. खळीसाठी तुरटीची गरज नसलेली नवी द्रव्ये मिळाली, आणि चुनखडीची भुकटी लगद्याहून स्वस्त पडते व कागद पांढराशुभ्र दिसतो, हे गिरणीवाल्यांच्या ध्यानात आले. टिकाऊ कागदाचे आंतरराष्ट्रीय मानक १९९४ मध्ये निघाले. तुरटी आली ती स्वस्त म्हणून, आणि चुना परत आला तोही स्वस्त म्हणूनच.

पंधरा दिवसांनी मी त्या ग्रंथालयात पुन्हा गेलो. राजवाड्यांचा खंड नाडीने बांधून वर ‘देऊ नये’ अशी चिठ्ठी लावलेली होती. मी काही बोलण्याआधीच ग्रंथपालबाई म्हणाल्या, “सर, बरे झाले आलात. तुमच्याकडे एक काम आहे.” त्यांना एका देणगीतून थोडे पैसे मिळाले होते. तेवढ्यात वीस पुस्तकांची आम्ल काढून, त्यांची छायाचित्रे घेऊन, चुनखडीयुक्त पुठ्ठ्याच्या पेट्यांत ती ठेवता येणार होती. मागच्या खोलीत चार कपाटे होती. “वीस निवडून द्या,” त्या म्हणाल्या, “आम्हाला धीर होत नाही.”

मी तीन दुपारी तेथे बसलो. मामा पुठ्ठा आणि कुंचा घेऊन शेजारी. पहिल्या दिवशी यादी मोठ्या नावांनीच भरली. दुसऱ्या दिवशी मी ती नावे खोडायला लागलो. ज्या ग्रंथांच्या आवृत्त्या निघाल्या आहेत, ज्यांच्या प्रती पुण्यामुंबईला आहेत किंवा लंडनच्या थंड हवेत सुखाने पडल्या आहेत, जे संगणकावर बसल्या जागी वाचता येतात, ते सगळे गेले. राजवाडेही गेले. त्यांची पत्रे आणि प्रस्तावना पुन्हा छापल्या गेल्या आहेत, आणि मूळ मोडी कागद तर त्या खंडाहून निरोगी आहेत. त्यांचे नाव खोडताना माझा हात जड झाला होता, हे लपवत नाही.

राहिले ते असे: गुरांच्या दुखण्यावरचे एक चोपडे, मुखपृष्ठ नसलेले. एका बाईंनी लिहिलेले पाकशास्त्र, ज्यात कडेला पेन्सिलीने कुणीतरी मापे दुरुस्त केली आहेत. लावण्यांचे दोन संग्रह, बाजारी कागदावरचे. एका तालुक्याच्या शेतकी प्रदर्शनाचा अहवाल. प्लेगच्या साथीत काय करावे ते सांगणारे सोळा पानी पत्रक. मुलींच्या शाळेसाठी रचलेले पहिले पुस्तक, आजीने ज्यातून अक्षरे गिरवली असतील तशाच तऱ्हेचे. ह्यांपैकी बहुतेकांची दुसरी प्रत दात्यांच्या सूचीत शोधून आणि चार ठिकाणी विचारूनही मला मिळाली नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मोजले तर तेवीस झाली होती. बाई म्हणाल्या, वीसच. मी तीन बाजूला काढली, पुन्हा आत ठेवली, दुसरी तीन काढली. मामांनी दिवे मालवायला सुरुवात केली तेव्हा ती तीन टेबलावरच होती.